गर्दीतील एक फटकारा

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर, आमच्या परभणीतील एक तरुण चित्रकार सायकलच्या कॅरिअरला जुन्या चादरीत गुंडाळलेले एक तैलचित्र बांधून माझ्याकडे आला. कलाशिक्षकाची पदविका घेऊन दोन वर्षे झालेली, नोकरी अद्याप कायम नाही, आणि डोक्यात मात्र पॅरिस. मागल्या पावसाळ्यात माझ्याकडील फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचा एक जाडजूड चित्रसंग्रह तो वाचायला घेऊन गेला होता. ते पुस्तक परत देण्याचे निमित्त आणि चित्र दाखविण्याचा हेतू, अशी ती भेट होती. बरोबर त्याची आईही होती. ती भाजी विकते. रविवार असल्याने ती मोकळी होती.

चित्र दोन फूट बाय तीन फुटांचे. विषय, गांधी पार्कजवळचा बाजार. वरच्या मजल्यावरील एका दुकानाच्या खिडकीतून पाहिलेला रस्ता, दोहो बाजूंना दुकानांच्या पाट्या, मध्ये हातगाडे, रिक्षा, सायकली आणि माणसांची दाटी. सारे काही तुटक, ओल्या फटकाऱ्यांनी रंगविलेले. लांबून पाहिले की रस्ता हलू लागतो. जवळ गेले की नुसते रंग. हात चांगला आहे, हे पहिल्याच दृष्टिक्षेपात कळत होते. परंतु त्याचबरोबर आणखीही एक गोष्ट कळत होती. हा रस्ता परभणीचा असला, तरी त्यावरील हवा परभणीची नव्हती. निळसर जांभळ्या धुक्यात दुकाने विरघळली होती. आमच्याकडे असे धुके पडत नाही. ते सेन नदीवरून आले होते, आणि वाटेत माझ्या पुस्तकात मुक्काम करून आले होते.

मी काही बोलण्यापूर्वीच आईने विचारले, "ह्याच्यात मी कुठं हाय?"

मुलाने डाव्या कोपऱ्यातील एका लालसर ठिपक्याकडे बोट दाखविले. "ही तू."

ती चित्राजवळ गेली, वाकली, आणि म्हणाली, "माझं लुगडं कवा लाल होतं रं?"

मुलगा हसला. मीही हसलो. परंतु ती हसली नव्हती. तिने खरोखरच विचारले होते. ती निघून गेल्यावर पुढचे काही दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण चित्रकलेच्या इतिहासात हा प्रश्न पूर्वी एकदा, अगदी मोक्याच्या क्षणी, विचारला गेलेला आहे.

१८७४ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिसमध्ये काही तरुण चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला फाटा देऊन स्वतःचे प्रदर्शन भरविले. जागा होती नादार या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ, पत्ता कापुसीन बुलेव्हार. त्या प्रदर्शनात क्लोद मोने याने त्याच रस्त्याचे, त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून पाहिलेले एक चित्र मांडले होते. लुई लर्वा नावाच्या एका पत्रकाराने 'शारिवारी' या विनोदी नियतकालिकात प्रदर्शनाची खिल्ली उडविली. त्याच लेखाच्या मथळ्यातून 'इंप्रेशनिस्ट' हे नाव रूढ झाले. लर्वाने आपल्या लेखात एक काल्पनिक जुना चित्रकार उभा केला आहे. तो मोनेच्या चित्रासमोर येतो, खालच्या बाजूला जिभेने चाटल्यासारख्या असंख्य काळ्या खुणा पाहतो, आणि त्या म्हणजे रस्त्यावरून चालणारी माणसे आहेत असे कळल्यावर विचारतो, की मी बुलेव्हारवरून फिरायला जातो तेव्हा असाच दिसतो की काय?

कलेच्या इतिहासाची पुस्तके हा प्रसंग लर्वाच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगतात. मीही वर्गात तो तसाच सांगत आलो. आता मला तसे सांगता येणार नाही. प्रश्न एकच असला तरी विचारणारे दोघे सारखे नाहीत. लर्वाचा तो सद्गृहस्थ ज्या वर्गातला होता, त्या वर्गाची तैलचित्रे भिंतीभिंतींवर टांगलेली होती. त्याला आपला चेहरा कसा दिसतो हे ठाऊक होते, आणि म्हणून त्याला खुणेचा राग आला. आमच्या भाजीवाल्या बाईला रागवायला जागाच नव्हती. तिचे चित्र यापूर्वी कोणी काढलेलेच नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा ती एका चित्रात आली, स्वतःच्या पोटच्या मुलाच्या चित्रात आली, आणि तीही लाल ठिपका होऊन, चुकीच्या रंगाचा. एवढ्यावरून दृक्प्रत्ययवादी पद्धतीला दोषी ठरवावे काय? माझे मत तसे नाही. परंतु ती पद्धत आपल्या रस्त्यावर आणताना कोणती जबाबदारी येते, हे मात्र पाहावे लागेल.

आधी मोने. कापुसीन बुलेव्हारची त्याची दोन चित्रे आहेत, एक उभे आणि एक आडवे. पहिले आज अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे, दुसरे मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात. आकार सुमारे ८० सेंटीमीटर बाय ६० सेंटीमीटर. मी मूळ चित्रे पाहिलेली नाहीत, तळहाताएवढ्या छापील प्रतिकृती पाहिल्या आहेत, हे वाचकांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या तरुण मित्रानेही तेवढेच पाहिले आहे, आणि त्याच्या चित्रातील अर्धा घोटाळा तेथूनच सुरू होतो. तळहाताएवढ्या प्रतिकृतीत मोनेचा फटकारा ठिपका होऊन जातो. मूळ कॅनव्हासवर तो बोटाच्या पेराएवढा असणार, त्याला दिशा असणार, सुरुवात आणि शेवट असणार, ब्रशाने कोठे दाब दिला आणि कोठे उचलला याची खूण असणार. चालणाऱ्या माणसाचा झोक त्या दिशेत असतो. ठिपक्याला झोक नसतो. आपल्या मुलाने माणसे ठिपक्यांची केली, म्हणून त्याच्या रस्त्यावर गर्दी आहे, पण कोणी कोठे जात नाही.

पॅरिसचे हे रुंद रस्तेही फार जुने नव्हते. १८५३ पासून पुढची सतरा वर्षे ओस्मान या प्रशासकाने जुन्या गल्ल्या पाडून ते सरळ, झाडांच्या रांगांनी सजविलेले रस्ते काढले. उंच इमारतीच्या सज्जातून खाली पाहिले की गर्दी एक वस्तू होते, हा अनुभव त्या चित्रकारांना नवीन होता, आणि त्यांनी तो नवीनपणा रंगविला. आमच्या गावांचे रस्ते वरून पाहण्यासाठी झालेले नाहीत. परभणीच्या बाजारात माणूस माणसाच्या पातळीवर असतो. तुम्ही दोन पावले चालता तो कोणी तरी तुमच्या वडिलांची चौकशी करतो. चित्रफलक घेऊन रस्त्यात उभे राहिले तर पाच मिनिटांत भोवती पन्नास माणसे, आणि त्यांतील पंचवीस सल्ला देणारी. म्हणून मुलाने दुकानाची खिडकी गाठली, यात त्याची चूक नाही. खुद्द पिसारोनेही डोळ्याच्या जुनाट दुखण्यामुळे उघड्यावर रंगविणे सोडून हॉटेलांच्या खिडक्या गाठल्या होत्या. १८९७ च्या सुरुवातीस त्याने मोंमार्त्र बुलेव्हारची चौदा चित्रे एका हॉटेलच्या खोलीतून केली: सकाळ, धुके, पाऊस, ऊन, सणाची मिरवणूक, आणि एक रात्रीचे. खिडकी तीच, रस्ता तोच, चौदा वेळा.

आता साहित्याविषयी थोडे. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी तैलरंग हाताळले नसतील, परंतु त्यांचा प्राण आपल्या स्वयंपाकघरात आहे. रंगाची पूड ज्या तेलात घोटतात ते जवसाचे तेल. ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर आपण खातो, तेच. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू घेते आणि घट्ट कातडीसारखे होते. त्यामुळे तैलरंग दिवसचे दिवस ओला राहतो, आणि ओल्या रंगात ओला रंग मिसळता येतो. दृक्प्रत्ययवाद्यांचे सारे कसब या ओलेपणावर उभे आहे. दुसरी सोय जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये केली. त्याने पिळून रंग काढता येईल अशी कथलाची नळी शोधली. त्यापूर्वी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवावे लागत. नळी आली आणि चित्रकार घराबाहेर पडला.

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्यापुढे अडचण वेगळी आहे. मार्च उजाडला की जवसाचे तेल कॅनव्हासवर लौकर ओढ धरते, आणि टर्पेंटाईन रंगपाटीवरच उडून जाते. त्यात धूळ. चार तास उघड्यावर ठेवलेल्या ओल्या चित्रावर धुळीचा हलका थर बसतो, तो काढायला जावे तर रंग निघतो. मुलाच्या चित्रात मला भिंग न लावताही धुळीचे कण दिसत होते, आणि तो त्याबद्दल खजील झाला होता. मी त्याला मोनेच्या एका चित्राची हकीकत सांगितली. १८७० मध्ये त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने केलेल्या एका छोट्या चित्रात वाळूचे कण रंगात अडकलेले आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील तज्ज्ञ ते कण चित्र जागेवर केल्याचा पुरावा म्हणून दाखवितात. धूळ हा दोष नव्हे. उलट त्या चित्रात परभणीचे खरे म्हणावे असे तेवढेच होते.

हे मी थट्टेने लिहीत नाही. मराठवाड्यातील रस्त्याचे हवामान म्हणजे धूळच आहे. तेथे नदीवरचे बाष्प जे काम करते, ते येथे धूळ करते. हिवाळ्यात सकाळी हातगाडे बाजारात येऊ लागले, किंवा कापसाच्या हंगामात गाड्या लागल्या, की रस्त्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत एक पिवळसर राखी पडदा उभा राहतो. माणसांचे पाय त्यात विरतात, डोकी मात्र लख्ख दिसतात. फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसाला जी गर्दी लोटते, ती ज्यांनी संध्याकाळच्या उन्हात पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पॅरिसच्या चित्रात धुके वरून खाली उतरते, आमच्याकडे धूळ खालून वर चढते. म्हणजे आकार विरघळण्याची दिशाच उलटी. आपल्या मुलाने छपरे विरघळवली आणि पाय ठळक ठेवले. त्याने नेमके उलटे करावयास हवे होते.

उन्हाचेही तसेच. परभणी सुमारे १९ अक्षांशावर आहे, पॅरिस जवळजवळ ४९ वर. डिसेंबरच्या भर दुपारी पॅरिसचा सूर्य क्षितिजापासून अठरा अंशांच्या आसपास असतो. इतका तिरपा प्रकाश आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी साडेआठच्या सुमारास मिळतो आणि पाहता पाहता संपतो. मे महिन्याच्या मध्यास तर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायांखाली जाते. ज्या लांब निळ्या सावल्यांवर त्या चित्रकारांनी दिवसभर काम केले, त्या आपल्या चित्रकाराला अर्धा तास मिळणार. बाकीचा दिवस ऊन वस्तूंना विरघळवीत नाही, सुरीने कापावे तसे कापते. आणखी एक. सावली निळी का, तर तिच्यात आकाशाचा प्रकाश उतरतो म्हणून. पण आमच्या बोळात सावलीवर आकाशापेक्षा समोरच्या तापलेल्या भिंतीचा, दुकानापुढील पत्र्याचा आणि जमिनीचा उजेड अधिक पडतो. येथील सावली उबदार असते, तपकिरीकडे झुकणारी, कधी कधी गुलाबीसुद्धा. मोनेने सावलीतून काळा रंग काढून टाकला तो निळा आवडत होता म्हणून नव्हे. त्याला समोर निळा दिसला म्हणून. मोनेचा निळा घेणे म्हणजे मोनेचे अनुकरण नव्हे. त्याच्यासारखे पाहणे हे अनुकरण, आणि ते फार कठीण.

रंगाचा रंगाशी संबंध समजावून सांगताना मी त्या मुलाला शेव्हरलची गोष्ट सांगितली, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोब्लँ येथील सरकारी विणकामशाळेत रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळे सूत फिके पडते अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या सुतामुळे काळा फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे चित्रकारांनी तो आपलासा केला. आपल्या बायका लुगड्याला काठ निवडताना हा ग्रंथ न वाचताच पाळतात. म्हणूनच त्या आईने रंगाची चूक एका क्षणात पकडली. तिचे त्या दिवशीचे लुगडे गर्द निळे होते. हिरव्या भाजीशेजारी मुलाला ते पुरेसे उठेना, म्हणून त्याने लाल केले. हिरव्याला लाल उठाव देतो हा नियम खरा, पण त्याने नियम रंगविला, आई नव्हे.

येथे आपण मूळ मुद्द्यापाशी आलो. माणसाला फटकारा करणे हा त्याचा अपमान आहे काय?

महाराष्ट्रात रस्त्यावरील माणूस रंगविण्याची परंपरा आहे, पण ती बहुतांशी वेगळ्या जातीची. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी एडवर्ड्‌स या इंग्रज अधिकाऱ्याच्या मुंबईवरील पुस्तकासाठी १९१२ मध्ये जी चित्रे काढली, त्यांत आणि त्यांच्या एकंदर कामात प्रत्येक माणूस कोण हे पागोट्यावरून ओळखता येते. भाटिया, पारशी, कोळी, मराठा: डोके पाहिले की माणूस कळला. हे रेखाटन करणाऱ्याचे डोळे होते. रंगाच्या फटकाऱ्याकडे वळलेले डोळे मुंबईला मिळाले ते पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, नाझी राजवटीपासून दूर आलेल्या वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकारामुळे. तो टाइम्स ऑफ इंडियात कला-दिग्दर्शक होता, आणि रविवारी त्याच्या घरी तरुण चित्रकार जमत. नागपूरच्या कलाशाळेतून शिकून १९४३ मध्ये मुंबईस आलेले सय्यद हैदर रझा हे त्यांतले एक. रझांची त्या काळातील मुंबईच्या रस्त्यांची, पावसातली, ट्रामची चित्रे प्रामुख्याने जलरंगातली आहेत. त्यांत माणसे ओल्या कागदावरील दोन-तीन डागांत उभी राहतात, पण छत्री धरलेला हात कोणत्या बाजूला झुकला आहे ते कळते. पुढे ते फ्रान्सला गेले आणि रस्ता सुटला, बिंदू आला. त्या थोर बिंदूंविषयी मला आदर आहे. तरी त्या पावसाळी रस्त्यांकडे मी अधिक वेळा परत जातो.

आपल्या समाजातही चित्रकार झाले. गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अनेक वर्षे शिकविले आणि तैलरंगात व्यक्तिचित्रणाचा जो दर्जा गाठला तो आजही पणजीत फुंदासांव ओरिएंत येथे पाहता येतो. आंजेलो दा फोन्सेका यांनी पुण्यात राहून भारतीय वेशातील ख्रिस्त आणि मरिया रंगविली. परंतु घरोघरी आपण चित्र म्हणजे वेदीवरील चित्र किंवा दिवाणखान्यातील आजोबा एवढेच समजत आलो. रस्ता हा चित्राचा विषय होऊ शकतो, आणि त्यात श्रद्धेचाही काही भाग असू शकतो, हे आपल्याला चटकन पटत नाही. त्यासाठी मला रूआँ शहराकडे जावे लागेल.

रूआँच्या महामंदिरासमोरील एका खोलीतून १८९२ आणि १८९३ मध्ये मोनेने त्या दर्शनी भिंतीची तीसहून अधिक चित्रे रंगविली. ही चित्रे जगप्रसिद्ध आहेत. पहाटेचे महामंदिर, उन्हातले महामंदिर, धुक्यातले महामंदिर. दगड जणू लोण्याचा झाला आहे. माणसे त्यात जवळजवळ नाहीतच. दार आहे, पण दाराशी कोणी नाही. त्याच शहरात १८९८ मध्ये पिसारो आला. जन्माने यहुदी, विचाराने अराज्यवादी, कोणत्याही मंदिरात न जाणारा हा म्हातारा. मोनेची ती चित्रे त्याने पाहिलेली होती आणि त्यांची थोरवी मानलेली होती. त्याने मात्र किराणा गल्ली म्हणता येईल अशा एका जुन्या अरुंद रस्त्याची तीन चित्रे केली. त्यांतील एकात, जे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, शुक्रवारचा बाजार भरलेला आहे. खाली पाले, टोपल्या, घासाघीस करणारे लोक, मधोमध वाकडीतिकडी घरे, आणि त्या घरांच्या छपरांवरून वर आलेले महामंदिराचे मनोरे. येथे महामंदिर प्रकाशाचा प्रयोग नाही. बाजारात बसलेल्या बाईला मान वर केली की जे दिसते, ते आहे. ज्याला श्रद्धेशी कर्तव्य नव्हते त्याने ते बरोबर जागी ठेवले, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

आणि या चित्रातील बाजारकरी फटकाऱ्यांचेच आहेत. तरी ते ठिपके वाटत नाहीत. याचे कारण मला पिसारोच्या आधीच्या कामात दिसते. त्याआधी पंधरा वर्षे तो हीच माणसे जवळून रंगवीत होता: १८८३ ची मांस विकणारी तरुणी, १८८५ चा जिझोरचा कोंबड्यांचा बाजार. त्यांत चेहरे आहेत, हात आहेत, टोपली काखेत धरल्यावर कंबर कशी वाकडी होते ते आहे. त्याची स्वतःची पत्नी त्याच्या आईच्या घरी स्वयंपाकघरात काम करणारी मुलगी होती. म्हणजे खिडकीत बसून जेव्हा तो एका फटकाऱ्यात बाजारकरीण उभी करतो, तेव्हा त्या फटकाऱ्याच्या मागे पंधरा वर्षांची ओळख असते. फटकारा हा ओळखीचा सारांश होतो. ओळख नसेल तर तो नुसता सोयीचा डाग. लुई लर्वाला हा फरक करता आला नाही, आणि मोनेच्या बाबतीत तो फरक करणे, मला कबूल केले पाहिजे, नेहमी सोपेही नसते. बुलेव्हारच्या त्या चित्रातील गर्दीवर मोनेचे प्रेम होते की नुसते कुतूहल, हे मला प्रतिकृतीवरून ठरविता आलेले नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपल्याकडे सुधीर पटवर्धन आहेत. पुण्यात जन्मलेले, वैद्यकाचे शिक्षण घेतलेले, ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले. दिवसा छातीच्या काचा पाहणाऱ्या या माणसाने मुंबई-ठाण्याची गर्दी तैलरंगात रंगविली, पण फटकाऱ्याने नव्हे. १९७७ मधले इराणी हॉटेल, १९८० मधली आगगाडी, १९८४ मधले शहर: या चित्रांत प्रत्येक शरीराला वजन आहे, प्रत्येक चेहऱ्याला थकवा आहे. दृक्प्रत्ययवाद्यांचा प्रकाश तेथे नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. आमच्या मुलाला मी पटवर्धनांची काही छापील चित्रे दाखविली, तेव्हा तो म्हणाला, "मग मी असंच काढू का?" मी नाही म्हटले. त्याचा हात वेगळा आहे. तो रंगात विचार करतो, आकारात नव्हे. त्याने फटकारा सोडू नये. मात्र महिनाभर ब्रश बाजूला ठेवून पेन्सिल घेऊन आईशेजारी गोणपाटावर बसावे, एवढे मी सुचविले. दृक्प्रत्ययवाद शिकण्यासाठी हा उपाय विचित्र वाटेल. कलाशाळेत तो कोणी सांगणार नाही.

त्याने तो केला. तीन आठवडे तो सकाळी बाजारात बसला. दोन चिंध्या झालेल्या वह्या त्याने मला आणून दाखविल्या. तागडी धरलेला हात, पिशवीचे तोंड उघडून उभी असलेली गिऱ्हाईक बाई, फेटा काढून घाम पुसणारा म्हातारा, बुरख्याआडून भाव विचारणारी एक, मागे हात बांधून उगाच फिरणारे दोन पेन्शनर. त्यांतील एक पेन्शनर मीच होतो.

मग दुसरे चित्र झाले. तोच रस्ता, खिडकी मात्र सोडलेली. एका बंद दुकानाच्या पायरीवरून, म्हणजे जमिनीपासून तीनेक फुटांवरून पाहिलेला. वेळ सकाळी साडेआठची, जानेवारीतली. सहा सकाळी, रोज अर्धा-पाऊण तास. यात धूळ खालून वर चढते. पिवळसर पांढऱ्यात थोडा तपकिरी आणि अगदी नखभर जांभळा मिसळून त्याने तो पडदा केला आहे, आणि माणसांचे पाय त्यात खरोखरच बुडाले आहेत. वर फेट्यांचे तीन फटकारे आहेत, एक पांढरा, एक मळका पांढरा, एक गुलाबी, आणि तिन्ही माणसे वेगवेगळ्या वयांची आहेत, हे केवळ फटकाऱ्याच्या कलावरून कळते. पॅलेट-सुरीचा हव्यास त्याने सोडला हे फार चांगले झाले. पहिल्या चित्रात ती जिकडे तिकडे चमकत होती. डाव्या कोपऱ्यात गर्द निळ्याचा एक आडवा, जड फटकारा, त्यावर कातडीच्या रंगाचा एक छोटा, आणि पुढ्यात लिंबांचा ढीग, पिवळ्याचे आठ-दहा टिंब. चेहरा नाही. तरी गुडघ्यावर हात टेकून बसलेली ती बाई कोण, हे तिला ओळखणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आई चित्र पाहायला आली तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. तिने बराच वेळ पाहिले. "लिंबं लई कमी काढलीस," ती म्हणाली. "शेकड्यानं असत्यात."

मला या चित्रात एकच गोष्ट खटकते, आणि ती मी त्याला सांगितली आहे. आकाश. खाली सगळे परभणीचे झाले, वरचा चार बोटांचा पट्टा मात्र अजून पॅरिसचाच आहे. मऊ, ढगाळ, मोत्यासारखा. जानेवारीत सकाळी साडेआठला आमचे आकाश कोरे असते, कडेला फिकट आणि वर गेले की एकदम निळे, आणि त्यावर ब्रश फिरवायला काही सापडतच नाही. तेवढा पट्टा खरवडून पुन्हा करायचे त्याने ठरविले आहे. परंतु जवसाचे तेल आता बरेच आवळले आहे, तेव्हा खालचा रंग न दुखविता तो निघेल की नाही, याची आम्हा दोघांनाही खात्री नाही.